सांगीनं लावलेलं कुंकू

१९ नोव्हेंबर

नाही हो, गोरी नाही. तुम्हालाही तेच वाटलं ना? सगळ्यांना वाटलं. मिशनची पोर राहायला येणार म्हटल्यावर शेजारची राजश्री साडी बदलून आपल्या अंगणात हजर. मडमीण बघायची होती तिला. रिक्षातनं उतरली एवढीशी पोर, माझ्या खांद्याला लागेल इतकी, आणि पाठीवर तिच्याहून उंच गिटार. राजश्री म्हणते, "ही तर नेपाळी." पोरगी हसली नि म्हणाली, "मिझोराम. भारत." मी म्हटलं, "राजश्री, तुझा भूगोलाचा पेपर गेला."

नाव वानलालसांगी. मी म्हटलं, एवढी हाक पुरी होईपर्यंत तू भाट्याच्या पुलावर पोचशील, मी आपली सांगी म्हणणार. वय तेवीस. तिच्या गावच्या चर्चनं दोन वर्षांसाठी इथं धाडलीय. मिरजोळ्याच्या कारखान्यांतले बाहेरगावचे कामगार आणि आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार, त्यांच्या पोरांना रविवारी गाणी शिकवायची, त्यांच्या देवाचं सांगायचं. त्याआधी मराठी शिकायचं. शहरातल्या त्यांच्या मंडळीतल्या बाई खोली ठरवायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तिच्याशी रोज बोलायचं, एवढंच तुमचं काम." अहो, हे काम मला तरणी असताना कोणी का नाही दिलं?

तुम्ही बोटीवर असताना मी पत्रं लिहायचे तशीच ही वही. सहा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. उत्तर येत नाही म्हणावं, तर तेव्हा तरी कुठं यायचं.

२ डिसेंबर

पोरगी तांदूळ धुवायच्या आधी एक मूठ काढते आणि वेगळ्या डब्यात टाकते. सकाळी एक, संध्याकाळी एक. मी चार दिवस बघितलं. मग म्हटलं, "काय गो, माझ्या घरातले तांदूळ चोरून माहेरी धाडतेस काय?"

लाजली. मग सांगितलंन. तिच्या गावात घरोघरी बायका असंच करतात. शिजवायच्या आधी एक मूठ देवाची. रविवारी सगळ्यांचे तांदूळ चर्चमध्ये जमा होतात, ते विकून जे येतं त्यातनं तिच्यासारख्या पोरी बाहेर धाडतात. म्हणाली, "काकी, माझी आई मूठ काढते. शेजारी मूठ काढतात. ज्यांना मी ओळखत नाही, ते पण काढतात. म्हणून मी रत्नागिरीत आहे."

मी म्हटलं, "मग जास्त खा. त्या बायका उपाशी राहिल्या नि तू वाळलीस तर दोन्हीकडनं नुकसान."

जेवायला मात्र तक्रार नाही. भाजी नुसती उकडून खाते, आजाऱ्यासारखी. पण सुकट भाजली की बाईसाहेब चुलीपाशी.

८ डिसेंबर

आज रविवार. मी गेले तिच्याबरोबर बागेत. घरात बसून काय करू? नेपाळ्यांच्या झोपडीपुढं नऊ पोरं जमली होती. सांगीनं गिटार वाजवलंन, पोरं गायली. अर्धं हिंदी, अर्धं कसलं कोण जाणे. मला म्हणाली, "काकी, तुम्ही पण." मी म्हटलं, "माझा आवाज ऐकला तर झाडावरचा मोहर गळेल, मालक मला धरील."

शेवटी डोळे मिटून प्रार्थना केलीनी. मी नाही मिटले. मी म्हटलं, एकीनं तरी जागं राहावं, बागेत माकडं असतात.

येताना तुमची गोष्ट सांगितली तिला. तुम्ही अँटवर्पला आजारी पडलात, बोट तुम्हाला दवाखान्यात टाकून निघून गेली, आणि खलाशांच्या मिशनमधला तो पोरगा अकरा दिवस येऊन बसायचा. त्याला हिंदी येईना, तुम्हाला त्याची भाषा येईना. नुसता बसायचा नि संत्री सोलून द्यायचा. सांगी म्हणाली, "तो पण माझ्यासारखा."

२३ डिसेंबर

तिच्या नाताळासाठी मी दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावरनं काढून परत टांगला. केरू, म्हणजे राजश्रीचा नवरा, रस्त्यावरनं म्हणाला, "काकी, दिवाळी संपली." मी म्हटलं, "अरे, वीज मी भरते, दिवाळी मी ठरवीन."

आपल्या सुजयचा फोन आला. शिमग्याला येतायत तिघं, तो, सानिका नि वेदिका. पाच दिवस. गणपती त्यांनी डोंबिवलीला नेला तेव्हापासनं तो येतो तो पालखीलाच. देवीची पालखी दारात आली पाहिजे, नाचली पाहिजे, मग तो मुंबईला जातो आणि वर्षभर लोकांना व्हिडिओ दाखवतो. वेदिकेला आता आठवं लागेल. मागच्या खेपेला माझ्याजवळ झोपायला लाजत होती. सांगीला सांगितलं तर म्हणाली, "मी तिला गिटार शिकवणार."

२४ जानेवारी

आज राजश्रीकडं संक्रांतीचं हळदीकुंकू. मी दरवर्षी जाते नि मागं बसते. तिळगूळ मिळतो, वाण मिळत नाही, कपाळाला कोणी हात लावत नाही. त्याचं काही नाही, सवय आहे. मागं बसलं की सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि कोणाच्या ब्लाउजला शिवण उसवलीय ते आधी मला कळतं.

सांगी माझ्याबरोबर आली होती. राजश्रीनं तिला म्हटलंन, "तुला लावू का?" ती म्हणाली, "मला नको, आमच्यात नसतं." मग राजश्रीनं तिच्या हातात ताट दिलंन, बायकांपुढं धरत जा म्हणून. ती धरत गेली. शेवटी माझ्यापाशी आली. बघितलंन की सगळ्यांच्या कपाळाला आहे, माझं कोरं. तिला वाटलं मी राहिले. कोणी लावत नाही म्हटल्यावर तिनं आपणच बोट बुडवलंन आणि लावलंन. आधी हळद, मग कुंकू. नीट, मधोमध.

इतका वेळ पाठी दिसत होत्या, आता सगळे चेहरे माझ्याकडं.

पोरीचा चेहरा असा झाला की मला बघवेना. तिला कळलं काहीतरी मोडलं, काय ते कळेना. राजश्री ताट घ्यायला उठली. मग माझी जीभ, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अगो, घाबरता काय? मी बाटले. गेल्या रविवारी हिनं मला भाट्याच्या खाडीत बुचकळून काढलंन. आता त्यांच्यात मी विधवा नाही, नवी कोरी आहे. नवरा बघा मला कोणीतरी."

हसल्या सगळ्या. राजश्री पण हसली. एक म्हातारी नाही हसली. निभावलं.

घरी येऊन पुसायला विसरले.

२५ जानेवारी

आज काही विशेष नाही. आरसा पुसला.

२ फेब्रुवारी

सकाळी राजश्री विरजणाला आली. तिच्या म्हशीचं दूध आणि विरजण माझं, असा संसार. वाटी हातात घेऊन उभी राहिली. माझ्या कपाळाकडं बघत होती. मी म्हटलं, "काय गो, लोणी आलंय काय तिथं?" वाटी पदराखाली धरून गेली.

बघू दे. आपल्या घरात माणसानं कसं राहावं ते आपलं आपण.

सांगीला मराठी बरं यायला लागलंय. आज मला म्हणाली, "काकी, तुम्ही फार चावट आहात." मी म्हटलं, "हा शब्द मी शिकवला नव्हता." म्हणते, "राजश्रीताईंनी शिकवला. तुमच्याबद्दल बोलताना."

५ फेब्रुवारी

सुजयचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "आई, तू बाटलीस?"

वाडीच्या ग्रुपवर कोणी टाकलंनी म्हणे. खाडीत बुचकळलंनी, पोरं साक्षीला होती, त्या पोरीनं देव्हारा बांधून ठेवायला लावलान. मी हसत सुटले. म्हटलं, "अरे, मस्करी केली मी. देव्हाऱ्याचा फोटो पाठवते, गणपतीच्या कानात विचार." तो हसला नाही. म्हणाला, "तुझी मस्करी तुला गोड. रविवारी शिमग्याची बैठक आहे. आपल्या दारात पालखी न्यायची की नाही, ते तिथं ठरणार म्हणतात. पालखी येणार नसेल तर आम्ही कशाला यायचं? सानिकाला रजा मिळत नाहीये, तशात वेदिकेची परीक्षा."

मी म्हटलं, "पालखीला यायचं, की मला भेटायला?"

म्हणाला, "आई, वाकड्यात शिरू नको."

फोन ठेवल्यावर बघते तर सांगी दारात उभी. सगळं ऐकलंन तिनं. म्हणाली, "काकी, मी येऊन सांगू का बैठकीत? की हे खोटं आहे, मी कोणाला पाण्यात नेलं नाही?" मी म्हटलं, "तू गप बस. हा माझा पराक्रम आहे, मीच निस्तरते. मस्करी होती म्हणायचं नि मोकळं व्हायचं. दोन मिनिटांचं काम."

९ फेब्रुवारी

बैठक झाली. देवळाच्या मंडपात. मला बोलावलंनी. विचारलंनी, मी उत्तर दिलं. घरी आले, भात खाल्ला.

१० फेब्रुवारी

काल नीट लिहिलं नाही. लिहायला हवं.

आत्माराम भावोजी मध्ये बसले होते, पालखीचा पहिला मान त्यांचा. त्यांनी चांगलं विचारलंनी, उगाच खोटं कशाला सांगू. म्हणाले, "वहिनी, खाडीचं ते मस्करीत बोललात ना?" मी म्हटलं, "हो. या वयात थंड पाण्यात कोण उतरतंय?" लोक हसले. संपलंच होतं.

मग केरूनं विषय काढलान. आणखी थोडं बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. सांगीनं आठ दिवसांत वाडी सोडायची. बागांमध्ये रविवारची गाणी बंद, मालकांना तसं कळवायचं. मी देवीपुढं माफीचा नारळ ठेवायचा. पालखी आपल्या दारात येणार.

सुजयला फोन केला, येणार म्हणून. तो म्हणाला, "बघ, सरळ बोललं की होतं."

मी एकटी बाई. चाळीस पुरुषांपुढं काय बोलणार होते? तुम्ही असतात तर गोष्ट वेगळी. तुम्ही असतात तर मुळात कुंकवाचा प्रश्नच आला नसता.

१४ फेब्रुवारी

शहरातल्या बाई येऊन गेल्या. बागवाल्यांनी सगळ्यांनीच नाही म्हटलंनी, एका वाडीचं ऐकून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्यानं. आता इथं राहून काम नाही. सांगीला परत धाडतायत, पार तिच्या गावी. दोन वर्षांतले तीन महिने झाले होते.

बाई गेल्यावर सांगी वही घेऊन माझ्यापाशी बसली. रोज शिकायला बसते तशी. तिला गावच्या चर्चला लिहून पाठवायचं आहे, काय झालं नि का परत येतेय. रविवारी ते सगळ्यांपुढं वाचतात म्हणे. ज्या बायका मूठ काढतात त्यांच्यापुढं.

म्हणाली, "काकी, मला नीट सांगा. माझी चूक काय झाली? मला चूक लिहायची आहे. दुसरी कोणी आली तर तिनं करू नये."

मी सुकट निवडत होते. मुंडकी काढत होते.

ती म्हणाली, "राजश्रीताईंकडे मी तुम्हाला लावलं. ते ना?"

मी म्हटलं, "हो. तेच असेल."

लिहून घेतलंन तिनं. मग म्हणाली, "तरी तुम्ही बैठकीत माझ्यासाठी बोललात. मला माहीत आहे. एवढ्या लोकांत तुम्ही एकट्याच." आणि माझा हात धरलान, सुकटीचा वास येत होता त्याच हाताला.

मला त्या वेळी एक टोमणा सुचला असता तरी बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी

गेली. रत्नागिरी स्टेशनवर मी पोचवायला गेले. नेपाळ्यांची दोन पोरं आली होती, त्यांना गिटार देऊन टाकलंन. मी म्हटलं, "अगो, तुझ्या चर्चची वस्तू ना ती?" म्हणाली, "माझी आहे. तिकडे मला कोणी शिकवायला पाठवणार नाही आता." रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मग मी काहीतरी बोलून हसवीन. तेवढं तरी काम मला मिळेल.

गाडी लागल्यावर खिडकीतनं म्हणाली, "काकी, शिमग्याचा व्हिडिओ पाठवा. वेदिकेला माझा नमस्कार."

तिचा तांदळाचा डबा चुलीवरच्या फळीवरच राहिला. अर्धा भरलाय. त्यातले तांदूळ शिजवायचे की टाकायचे, मला समजत नाही. दोन्ही करवत नाही.

१ मार्च

बोलायला कोणी नाही. राजश्री विरजणाला येते, वाटी घेते, जाते. काल मी म्हटलं, "दूध तुझं पातळ झालंय, म्हशीला गणित शिकवतेस काय?" हसली. मीही हसले. पण मज्जा येईना.

माफीचा नारळ ठेवून आले. पुजाऱ्यानं विचारलंन, कशाबद्दल म्हणून सांगू देवीला? मी म्हटलं, "तिला माहीत आहे."

१८ मार्च

पालखी आली.

सुजय, सानिका, वेदिका काल आली. अंगण सारवून घेतलं होतं, रांगोळी सानिकानं काढलीन. ढोल खालच्या आळीला वाजायला लागला तशी मी दारात पाण्याची कळशी भरून ठेवली. पालखी दारात नाचली. सुजयनं खांद्यावर घेतलीन, घामानं भिजला, व्हिडिओ सानिकानं काढलान. सानिकानं ओटी भरलीन. मी तुळशीपाशी उभी.

मग आत्माराम भावोजींनी गाऱ्हाणं घातलंनी. "बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा." सगळे, "व्हय म्हाराजा." "या घरावर जे काय परक्याचं सावट इलं व्हतं, ता तू दूर केलंस म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "ह्या बाईच्या हातून जी काय चूकभूल झाली असंल, ती पोटात घाल म्हाराजा."

व्हय म्हाराजा म्हणायला माझं तोंड उघडेना. वेदिकेनं माझा पदर ओढलान, "आजी, म्हण ना." मी म्हटलं.

संध्याकाळी वेदिका मागच्या खोलीत खेळत होती. भिंतीवर सांगीनं पेन्सिलनं मराठी शब्द लिहिलेत, रोज दहा. वेदिका वाचत आली, "आजी, इथं कोण शिकत होतं?" सुजय म्हणाला, "कोणी नाही, भाडेकरू होती." आणि उद्याच चुन्याचा हात मारायला सांगितलंन. मी म्हटलं, "चुना तुझ्या बायकोच्या गालाला लाव. भिंत माझी आहे." सानिका हसली, सुजय नाही हसला.

२३ मार्च

काल पोरं गेली. आज आत्माराम भावोजी प्रसादाची वाटी द्यायला आले होते. ओट्यावर बसले, पाणी प्याले, पावसाआधी कौलं फिरवून घ्या म्हणाले. उठताना चप्पल पायात सरकवता सरकवता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, एक विचारू? ज्यांच्यात कुंकू लावत नाहीत, त्यांची पोर तुम्हाला रोज बसवून कुंकू कशाला लावील? मी त्याच दिवशी हे बोलायला हवं होतं. मला घरी आल्यावर सुचलं."

मी म्हटलं, "प्रसाद दिलात, आता निघा, नाहीतर लोक म्हणतील आत्माराम पण बाटला." ते हसले नाहीत. गेले.

त्यांना नाही सांगितलं, पण तुम्हाला सांगते. नऊ फेब्रुवारीच्या बैठकीचं जे मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा गाळलं, ते.

केरू मंडपात उभा राहिला नि म्हणाला, "मस्करी होती तर काकी रोज सकाळी कुंकू लावून का बसतात? माझ्या बायकोनं डोळ्यांनी बघितलंन." सगळे पुरुष माझ्या कपाळाकडं बघायला लागले. त्या दिवशी मी घासून धुवून गेले होते, तरी बघत होते. कोणी सांगीचं नाव घेतलं नव्हतं. कोणी मला दमही दिला नव्हता. मी म्हटलं, "मी नाही लावत. ती पोरगी लावते. नको म्हटलं तरी धरून लावते, म्हणते आमच्या देवाच्या घरी विधवा कोणी नसते."

असं ती कधी बोलली नाही. हे वाक्य माझं मीच केलं, उभ्या उभ्या.

सांगीनं मला एकदाच कुंकू लावलंन, राजश्रीकडं, चुकून. त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं आंघोळ झाली की मीच लावत होते, आरशापुढं उभी राहून, पंधरा दिवस. तुमच्यासाठी नव्हे. मला आवडत होतं म्हणून.